तुरुंगातल्या साक्षरता वर्गांना अनुदान द्यायचंय: प्रस्ताव तपासायचे कसे?

ओसरी

नमस्कार मंडळी. जरा नेमका सल्ला हवाय.

पुण्यात आमचा एक लहानसा न्यास आहे. दरवर्षी शिक्षणाच्या कामांना थोडंफार अनुदान देतो, बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांना. यंदा विश्वस्तांनी विषय बदलला: कारागृहातल्या प्रौढांची साक्षरता. गाजावाजा न करता ओळखीपाळखीत सांगितलं, तरी आठ प्रस्ताव आले. पैसे दोघांपुरते, फार ओढूनताणून तिघांपुरते.

छाननी समितीत मी आहे. आमची गुणपत्रिका शाळांसाठी बनवलेली: लाभार्थी संख्येला ३० गुण, दरडोई खर्चाला २५, संस्थेच्या अनुभवाला २०, नावीन्याला १५, अहवाल आणि छायाचित्रांना १०. या मापाने खालचा 'क' पहिला येतो आणि 'ख' शेवटून दुसरा. माझं मन नेमकं उलटं सांगतंय, आणि 'मन सांगतंय' हे विश्वस्तांपुढे चालत नाही.

क: तीन मध्यवर्ती कारागृहांत मिळून सहा महिन्यांत १२०० बंदी साक्षर करणार. ६० टॅब्लेट, शेवटी प्रमाणपत्र वाटप. दरडोई ९५० रुपये.

ख: एकच जिल्हा कारागृह. पुरुषांचा एक वर्ग, महिलांचा एक. एका वेळी ४० जण, दोन वर्षं. दरडोई खर्चाच्या रकान्यात चक्क लिहिलंय की किती जण टिकतात त्यावर अवलंबून, आधी सांगता येणार नाही.

ग: हा निरक्षरांसाठी नाहीच तसा. आठवी-नववीत शाळा सुटलेल्यांना दहावी-बारावीला बसवायचं, पुढे मुक्त विद्यापीठ.

उरलेले पाच याच तिघांच्या आवृत्त्या. तुमच्यापैकी कोणी आत शिकवलंय का, किंवा असे प्रस्ताव तपासलेत का? कुठल्या प्रश्नाने पाणी जोखता येतं?

संस्थांची नावं कृपया विचारू नका.

चिवडेवाला

त्या तीन तुरुंगांत १२०० निरक्षर आहेत का, हे आधी मोजलंय का कोणी?

निवृत्त गुरुजी

मी कारागृह शिक्षक म्हणून नोकरी केली. बदल्यांमुळे राज्यातले बरेच तुरुंग आतून पाहिले.

ताई, पहिला प्रश्न विचारा: वर्ग किती ते किती? सकाळी बराकी उघडतात, मोजणी होते, चहा-नाश्ता होतो. मग सक्तमजुरीवाले कारखान्यात जातात आणि ज्यांची तारीख आहे ते कोर्टाच्या गाडीची वाट बघत बसतात. दुपारचं जेवण झालं की पुन्हा टाळाबंदी. नंतर उघडतात ते संध्याकाळचं जेवण लवकर उरकून दिवेलागणीपूर्वीच पुन्हा कोंडतात. याच वेळात नातेवाइकांच्या मुलाखती, वकील, व्हीसी (व्हिडिओवरून कोर्टाची तारीख), दवाखाना आणि मधूनच झडती. सलग दीड तास मिळाला तर नशीब समजायचं. 'दररोज चार तास अध्यापन' असं लिहिणाऱ्याने तुरुंगाचं फाटक रस्त्यावरूनच पाहिलंय.

दुसरं, हजेरीपट मागा. मागच्या वर्षीचा, मूळ, हाताने भरलेला. माझ्या हजेरीपटात १ तारखेला तीसेक नावं असायची. महिनाअखेर त्यांच्यापुढे लाल शाईत शेरे: जामीन, जामीन, कोर्ट, बदली नाशिक, सर्कल (तुरुंगातला विभाग) बदलले, आजारी, जामीन. खाली नवी नावं. अशा वर्गात 'अ' पासून सुरू होऊन सहाव्या महिन्यात जोडाक्षरांना पोचणारा अभ्यासक्रम चालत नाही. शेवटी मी पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे पाडले. पहिल्या तुकड्यात स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, केस नंबर. दुसऱ्यात आकडे: तारीख, कॅन्टीनचा हिशेब. तिसऱ्यात घरी दोन ओळींचं पत्र. अध्येमध्ये सुटला तरी काहीतरी पदरात पडून सुटला. प्रस्तावात असे तुकडे दिसतात का ते बघा.

तिसरं, मजुरी. सक्तमजुरीच्या बंद्याला कामाच्या वेळी वर्गात बसवलं तर त्याची मजुरी बुडते का? घरी पैसे पाठवणारा माणूस मजुरी सोडून बाराखडी गिरवायला येत नाही. आलाच तर कोणीतरी पाठवला म्हणून येतो. हा प्रश्न अधीक्षकांशी बोलूनच सुटतो. प्रस्तावात त्याबद्दल एक ओळही नसेल तर त्यांचं बोलणं झालेलं नाही असं समजा.

दशांशचिन्ह

गुरुजींच्या लाल शाईला आकड्यांची जोड देतो.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) तुरुंगविषयक वार्षिक अहवालानुसार २०२२ अखेर देशात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ७५.८ टक्के. चारातल्या तिघांवर अजून गुन्हा सिद्ध झालेला नाही, आणि या तिघांपैकी कोण कधी बाहेर जाईल ते त्यांनाही ठाऊक नाही. न्यायाधीनांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश तर आत येऊन तीन महिनेही न झालेले.

पण हे झालं एका दिवसाचं छायाचित्र. येजा त्याहून कितीतरी मोठी असते. २०२१ अखेर आत ५,५४,०३४ जण होते, तर त्या वर्षभरात दाखल झालेले १८ लाखांवर. म्हणून ओसरीताई, 'क' चा १२०० हा आकडा कदाचित खराही असेल! तीन मध्यवर्ती कारागृहांत सहा महिन्यांत जो जो वर्गात डोकावला त्याचं नाव लिहिलं की १२०० सहज होतात. त्यातले वाचायला किती शिकले हा प्रश्नच वेगळा.

मी असतो तर 'लाभार्थी संख्या' हा रकानाच काढला असता. त्याऐवजी दोन आकडे मागायचे. एक, ज्यांनी किमान ३० वर्गतास पुरे केले असे किती. दोन, एका शिकणाऱ्याच्या एका वर्गतासाला खर्च किती. दरडोई खर्चात खोट दडवता येते, वर्गतासात तितकी सहज नाही.

ओसरी

गुरुजी, दशांशचिन्ह, दोघांचे आभार. हजेरीपट मागायचं डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही फोटो मागत होतो.

'क' च्या प्रस्तावात असंही एक वाक्य आहे: तुरुंगातल्या शिक्षणाने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटतं, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. आमचे एक विश्वस्त यावर फार खूश आहेत.

दशांशचिन्ह

हा आकडा येणारच होता. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेचा २०१३ चा अभ्यास. अभ्यास चांगला आहे, पण ४३ टक्के हा शक्यतांच्या (परत आलेले भागिले न आलेले) गुणोत्तराचा आकडा आहे, प्रमाणाचा नव्हे. त्यांनीच दिलेलं साध्या भाषेतलं रूप असं: शिक्षण न घेतलेल्यांपैकी तीन वर्षांत ४३.३ टक्के पुन्हा तुरुंगात आले, घेतलेल्यांपैकी ३०.४ टक्के. फरक साधारण १३ टक्के-बिंदूंचा. तोही लहान नाही, पण ४३ नाही.

शिवाय हे त्यांच्याकडचे शिक्षा झालेले कैदी. आपल्याकडे न्यायाधीन माणूस निर्दोष सुटला तर त्याने 'पुन्हा' गुन्हा केला नाही असं कसं मोजणार? त्यात ज्याला सुधारायचंय तोच आधी वर्गात येतो, ही गोम आहेच. रँडवाल्यांनी स्वतःच मान्य केलंय की जमवलेल्या अभ्यासांतले फार थोडे त्या दृष्टीने काटेकोर होते. चाळीस जणांच्या वर्गावरून पुनर्गुन्ह्याचा निष्कर्ष काढू म्हणणाऱ्या प्रस्तावाला त्या बाबतीत शून्य द्या. साक्षरता वर्गाने वाचायला शिकवलं का, एवढंच विचारा.

रानवारा

जरा विरोधी सूर लावतो. सरकारचा प्रौढ साक्षरतेचा 'उल्लास' कार्यक्रम आहे की. २०२२ ते २०२७, १०३७.९० कोटी रुपये, १५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी. प्रवेशिका (अक्षरओळखीची पुस्तकं) आहेत, परीक्षा आहे. खाजगी न्यासाने त्याच कामात पैसे कशाला घालायचे? त्यापेक्षा 'ग' ला द्या. दहावी-बारावी, पदवी पूर्ण करणाऱ्या सिद्धदोष बंद्यांना आपल्या राज्यात ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळते. माणूस तीन महिने आधी घरी जातो. यासारखा ठोस परिणाम दुसरा कुठला?

चिवडेवाला

ब्राझीलमध्ये तर एक पुस्तक वाचून त्यावर लिहून दिलं की चार दिवस शिक्षा कमी. वर्षाला १२ पुस्तकं, ४८ दिवस. २०१२ पासून चालू आहे.

निवृत्त गुरुजी

रानवारा, 'ग' वाईट नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची आणि इग्नूची अभ्यासकेंद्रं कारागृहांत आहेत, तिथून पदवी घेतलेली माणसं माझ्या पाहण्यात आहेत. पण तुम्हीच लिहिलंत: सिद्धदोष. माफी शिक्षेतून मिळते. ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला कशातून देणार? आणि जो आठवीपर्यंत शिकलाय तो तुरुंगातला सगळ्यात मागचा माणूस नव्हेच. तो अर्ज लिहू शकतो, ग्रंथालयातून पुस्तक मागू शकतो. त्याच्यासाठी धडपडणारे मिळतात, कारण निकाल लागतो, बातमी येते. अंगठेबहाद्दराची बातमी येत नाही.

'उल्लास'बद्दल: त्याची चाचणी वापरायलाच हवी. १५० गुणांची असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. राज्यात मार्च २०२४ मध्ये झाली. फुकट प्रवेशिका आणि सरकारी प्रमाणपत्र असताना एखादी संस्था स्वतःची प्रवेशिका छापायला दीड लाख मागत असेल तर ते खोडा. पण 'उल्लास' उभा आहे स्वयंसेवकांवर. तुरुंगात स्वयंसेवक म्हणजे एक तर आतला शिकलेला बंदी, नाही तर बाहेरून पोलीस पडताळणी करून येणारा माणूस. रोज ठरल्या वेळी येणाऱ्या माणसाला मानधन लागतं, आणि नेमका तो पैसा तिथे नाही.

हिशेबनीस

सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या) फायली तपासण्यात माझी नोकरी जाते. अंदाजपत्रकावर बोलतो.

'क' चा गुणाकार करा: १२०० गुणिले ९५० म्हणजे ११ लाख ४० हजार. टॅब्लेट १२ हजारांचा धरला तर ६० टॅब्लेटचे ७ लाख २० हजार. उरले ४ लाख २० हजार. तीन कारागृहं, सहा महिने: एका कारागृहाला महिन्याला २३ हजारांच्या आसपास, आणि तिथे शिकणारे ४००. तीस जणांचा एक वर्ग धरला तरी तेरा-चौदा वर्ग. शिकवणार कोण? इथे प्रस्ताव संपतो.

टॅब्लेट आत नेण्याची लेखी परवानगी आहे का तेही विचारा. सिम नको, वाय-फाय नको, कॅमेरा नको, चार्जिंग बराकीत करायचं की कार्यालयात, रात्री कोणाच्या ताब्यात. प्रस्ताव मंजूर झाल्यावर 'परवानगी प्रलंबित' म्हणून वर्षभर गोदामात पडलेली खोकी मी पाहिली आहेत.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. बऱ्याच संस्था प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांत कोंबतात, कारण तसा नियम आहे असा समज. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पखर्चाला नाही. समन्वयकाचा पगार, प्रवास, फोन, लेखापरीक्षण हे सगळं लागतंच. कोणी फारच कमी दाखवत असेल तर एक तर तो शिक्षकाच्या मानधनातून कापतोय, नाही तर काम होणार नाही. तुमचा न्यास तर कंपनीही नाही. उगाच तो ५ टक्क्यांचा बागुलबुवा पाळू नका.

'ख' चं अंदाजपत्रक इथे टाकता येईल का? नावं काढून.

ओसरी

दोन वर्षांचं, ठळक रकमा: दोन शिक्षक (एक महिला) मानधन ५,७६,०००. समन्वयक, अर्धवेळ, १,९२,०००. प्रवास ७२,०००. पाट्या, वह्या, मोठ्या अक्षरांची पुस्तकं ४८,०००. नेत्रतपासणी आणि वाचनाचे चष्मे ३०,०००. आधीची-नंतरची चाचणी, बाहेरच्या माणसाकडून, ४०,०००. लेखापरीक्षण २०,०००. एकूण ९,७८,०००.

चष्म्यांवर एका सदस्यांनी लाल खूण केली आहे: 'आरोग्य हा विषय आपल्या उद्दिष्टांत नाही'.

हिशेबनीस

ती लाल खूण पुसा! आठ प्रस्तावांतली सगळ्यात शहाणी ओळ ती आहे. प्रौढ वर्गात चाळिशी लागलेली माणसं असतात. अक्षरच दिसत नाही त्याला 'मठ्ठ आहे' म्हणून मागे बसवतात. चष्मा ही त्या वर्गाची शैक्षणिक सामग्री आहे, खडू-फळ्यासारखीच.

मानधन शिक्षकाला महिना १२ हजार पडतं. थोडं कमीच आहे. वाढवून मागा म्हणावं. मध्येच शिक्षक सोडून गेला तर नवीन माणसाच्या पडताळणीत दोन-तीन महिने जातात आणि तोवर वर्ग बंद.

परतलेला

नेहमी वाचनमात्र असतो. आज लिहितो.

मी आत होतो. न्यायाधीन. नंतर निर्दोष सुटलो. कुठे, कशासाठी ते विचारू नये.

आमच्या बराकीत एक ऊसतोड कामगार होता, पन्नाशीचा. दोषारोपपत्राची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाला घ्यायचा. रोज टाळाबंदीनंतर एकच पान काढून माझ्यापुढे धरायचा. साक्षीदारांची यादी. मी वाचायचो, तो मान हलवायचा, पिशवी बंद करायचा. मग वर्गात जायला लागला. काही आठवड्यांनी एका रात्री त्याने पान माझ्याकडे न देता स्वतःच बोट फिरवलं आणि सातव्या ओळीवर थांबला. तिथे त्याच्या सख्ख्या भावाचं नाव होतं. मी रोज वाचून दाखवत होतो, पण त्याचा विश्वास बसत नव्हता, मी चुकीचं वाचतोय असं त्याला वाटायचं. त्यानंतर त्याने वकिलाला काय सांगायचं ते ठरवलं.

हे तुमच्या गुणपत्रिकेत कुठे बसतं मला माहीत नाही.

पण एक काम करा. वर्गात कोणाला घ्यायचं हे कोण ठरवतं ते विचारा. आमच्याकडे वर्गाच्या खोलीत पंखा होता. उन्हाळ्यात बराकीतल्या दादा लोकांनी आपली माणसं नाव घालून बसवली, त्यातले दोघे पदवीधर. 'निरक्षर' म्हणून सह्या करायचे. ज्याला गरज होती तो बाहेर. शिकवणारा बंदीसुद्धा माणूसच आहे, त्याला बरी जागा आणि साहेबांशी ओळख मिळते, मग तो कोणाला दुखवेल? बाहेरून येणारा गुरुजी असला की हे कमी होतं. बंद होत नाही, कमी होतं.

निवृत्त गुरुजी

पंख्याचं अगदी खरं आहे.

थेम्सकाठी

'परतलेला', लिहिल्याबद्दल आभार.

बंद्यानेच बंद्याला शिकवण्याचं इथे ब्रिटनमध्ये मोठं काम आहे, शॅनन ट्रस्टचं. १९९७ पासून. वर्ग नसतोच, एकास एक बसतात, एका वेळी साधारण वीस मिनिटं, आठवड्यातून शक्य तितके दिवस. वर्गात बसायची लाज वाटणाऱ्या, शाळेचं नाव काढलं की अंगावर काटा येणाऱ्या माणसाला ते जमतं. पण ती संस्था शिकवणाऱ्या बंद्यांना आधी प्रशिक्षण देते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी बाहेरची माणसं असतात. नुसतं 'शिकलेले बंदी शिकवतील' एवढ्या एका वाक्यावर प्रस्ताव उभा असेल तर प्रशिक्षणाचा आणि देखरेखीचा खर्च कुठे आहे ते शोधा.

चिवडेवाला

तिहारमध्ये 'पढो और पढाओ' आहे ना तसंच?

थेम्सकाठी

तत्त्व तेच. पण तिहार अवाढव्य आहे, आत शिकलेले लोकही भरपूर. जिल्हा कारागृहात शिकवू शकणारे मोजकेच, आणि तेही जामिनावर सुटतात!

काळा कोट

वकिली करते, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही होते. तीन गोष्टी.

एक. पुन्हा पुन्हा 'न्यायाधीन सुटून जातात' हे अडचण म्हणून लिहिलं जातंय. कायद्याच्या बाजूने ती चांगली गोष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने संभाव्य कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायची तरतूद आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद सोडून. म्हणजे येजा आणखी वाढावी अशीच अपेक्षा. साक्षरता वर्गाने याच्याशी भांडू नये, याला धरून चालावं. सुटताना हातात काय द्यायचं? गावाजवळचं 'उल्लास' केंद्र कोणतं, परीक्षा कुठे देता येईल, अशी एक चिठ्ठी. 'ख' मध्ये सुटल्यानंतरचं काही आहे का?

दोन. तुमच्या अर्जात लाभार्थ्यांची जातनिहाय आकडेवारी मागितली आहे का? बहुतेक अनुदानदाते मागतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहाच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलंय. संस्थेने तुमच्या तक्त्यासाठी बंद्यांना पुन्हा जात विचारत फिरायचं, हे फार विचित्र होईल.

तीन. छायाचित्रांना गुण देणं बंद करा. बंदिस्त माणसाची संमती ही संमती नसते. उद्या सुटल्यावर त्याचं नाव शोधलं की तुमच्या वार्षिक अहवालातला तुरुंगातला फोटो वर येईल. नाव बदलून लिहिलेल्या 'यशकथा'सुद्धा गाव, वय, गुन्हा सांगून माणूस उघडा पाडतात.

जाता जाता: मंडेला नियम म्हणून ओळखले जाणारे बंद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नियम आहेत. त्यातला नियम १०४ निरक्षर आणि तरुण बंद्यांचं शिक्षण सक्तीचं असावं असं म्हणतो. इथे सक्ती ही कारागृह प्रशासनावरची जबाबदारी आहे, असं मी वाचते. काही प्रस्तावांत हा नियम बंद्यांनी सक्तीने बसण्यासाठी दाखला म्हणून देतात, ते पटत नाही.

रानवारा

रकान्यांतून जात काढली तर वंचितांपर्यंत पोचलोय का हे कसं कळणार? हा प्रश्न मनापासून आहे.

काळा कोट

या कामात सोपं आहे: पहिल्या दिवशी ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंत पोचलात का, तेवढं बघा. बाकीचा मोठा वाद आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते.

दशांशचिन्ह

पहिल्या दिवशी कोणाला वाचता येत नव्हतं, तिथेच गाडी अडते. तुरुंगात आल्यावर नोंदवहीत शिक्षण लिहितात ते विचारून. राष्ट्रीय अहवालात साधारण चौघांत एक निरक्षर दिसतो, तो याच तोंडी उत्तरांवरून. लाजेने 'सातवी' सांगणारे भरपूर. आणि खरोखर पाचवी झालेल्यालाही वाचता येईलच असं नाही: 'असर' या शाळकरी मुलांच्या पाहणीत २०२२ मध्ये पाचवीतली जेमतेम ४२.८ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली होती.

उपाय स्वस्त आहे. 'असर'सारखीच अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी पायऱ्यांची चाचणी, प्रत्येकाला एकेकटं बसवून. काही मिनिटांचं काम. दाखल होताना एकदा, मग दर ३० वर्गतासांनी. पंख्याखाली बसलेले पदवीधरही त्यात पहिल्याच दिवशी सापडतील.

कोपरखैरणे

भाषेचं कोणीच बोललं नाही. ठाणे, तळोजा, आर्थर रोड इथे हिंदी, उर्दू, बंगाली बोलणारे ढिगाने, परदेशी बंदीही आहेत. तिकडे नागपूर-चंद्रपूरकडे माडिया, गोंडी बोलणारे. तिन्ही कारागृहांना एकच मराठी अ‍ॅप असेल तर पुन्हा विचार करा. निदान शिकणाऱ्याला मराठी की हिंदी एवढी तरी निवड असावी.

ओसरी

'क' मध्ये अ‍ॅप फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे, आत्ता पाहिलं. तीनपैकी एक कारागृह विदर्भातलं.

महिलांचा मुद्दा समितीत अडकलाय. 'ख' च्या महिला बराकीत एका वेळी दहा-बाराच जणी. तिथला दरडोई खर्च पुरुषांच्या दुपटीहून जास्त. एक सदस्य म्हणतात महिलांचा वर्ग वगळून द्यावं.

काळा कोट

मुळीच नाही. दहा-बाराच जणी आहेत म्हणूनच तिथे कोणी येत नाही. शिपाई, डॉक्टर, शिक्षक, सगळ्यांचं तेच उत्तर: संख्या कमी. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत राहू शकतात, तेव्हा वर्गात कडेवर मूल घेऊन बसलेल्या असतील. त्याचा खर्च धरला नसेल तर उलट वाढवून द्या.

हिशेबनीस

महिला वर्गाला वेगळं शीर्ष करा आणि दरडोई तुलनेतून बाहेर ठेवा. विश्वस्तांना हिशेबाची भाषा पटते.

ओसरी

काल बैठक झाली. धाग्याची छापील प्रतच नेली होती. नवी गुणपत्रिका, तात्पुरती:

प्रत्यक्ष वर्गाची वेळ आणि त्याला कारागृहाची लेखी संमती, २५. मधूनच येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी अभ्यासक्रमाची रचना, २५. शिकणारे कसे निवडणार आणि आधीची-नंतरची चाचणी, २०. माणसांवरचा खर्च पुरेसा आहे का, १५. भाषा आणि चष्म्यासारख्या गरजा, १०. सुटल्यानंतरचा धागा, ५. शेवटच्याला अजून गुण द्यावेत असं मला वाटत होतं, पण 'ख' सकट कोणाकडेच त्याचं नीट उत्तर नाही, सगळेच मार खातील. लाभार्थी संख्येला गुण नाहीत. फोटोंचे गुण आणि जातीचा रकाना काढून टाकले.

'ख' ला देतोय, मानधन वाढवून आणि महिला वर्गासकट. 'ग' वर एकमत नाही. दोन विश्वस्त रानवारा यांच्याच बाजूचे आहेत. फक्त परीक्षाशुल्क आणि पुस्तकांपुरती छोटी रक्कम देऊ असं दिसतंय.

'क' वाल्यांना हिशेबनीस यांचा गुणाकार आणि गुरुजींचे तीन प्रश्न पाठवले होते. रागावतील वाटलं होतं. चार दिवसांत नवा प्रस्ताव आला: एकच कारागृह, टॅब्लेट फक्त शिक्षकाकडे, १२० जण. खाली लिहिलंय की १२०० चा आकडा आधीच्या एका देणगीदाराच्या नमुन्यावरून घेतला होता, त्याशिवाय अर्ज पुढे जात नसे. आता त्यांचं काय करायचं ते पुढच्या बैठकीत.

निवृत्त गुरुजी

त्यांनाही बोलवा. तेवढं उत्तर चार दिवसांत देणारे कामाचे असतात.

पहिला हप्ता देताना एक करा. कारागृहाचे अधीक्षक बदलले तर वर्गाची वेळ कायम राहील असं पत्र कारागृह विभागाकडून मिळतंय का बघा. नवीन साहेब आले की पहिला वर्गच बंद होतो. 'आधी सुरक्षा बघू' म्हणतात, आणि ते बघणं काही संपत नाही.

डोंगरगावकर

उशिरा येतोय धाग्यावर. आमची तालुक्याची संस्था आहे, जवळच्या जिल्हा कारागृहात आठवड्यातून तीनदा शिकवतो, मानधन नाही. तुमच्याबद्दल ऐकलं होतं, पण अर्ज इंग्रजीत आणि अठरा पानी आहे म्हणून भरला नाही. आमच्यात कोणाला तसं लिहिता येत नाही, आणि लिहून देणारा सल्लागार वीस हजार मागतो. पुढच्या वर्षी अर्ज मराठीत चालेल का?

ओसरी

चालेल. पुढच्या वर्षी कशाला, 'ग' ची रक्कम अजून ठरायची आहे. तुम्ही मला व्यनि (खासगी निरोप) करा. अर्ज राहू द्या, गेल्या तीन महिन्यांच्या हजेरीपटाचे फोटो तेवढे पाठवा, नावं झाकून.

डोंगरगावकर

हजेरीपट कारागृहाच्या कार्यालयात असतो, बाहेर नेता येत नाही. सोमवारी वर्ग आहे, साहेबांना विचारतो.